तिरुप्पूरला न गेलेलं मूल

अंबू,

तुझं तेरावं होऊन आज नऊ दिवस झाले. लोक जेवून गेले, तुझ्याविषयी चांगलं बोलून गेले. इस्पितळातले मोठे डॉक्टर आले होते. त्यांनी तमिळमध्ये भाषण केलं, तुझ्या पदव्या सांगितल्या. मी मागं खांबाला टेकून उभा होतो. मला कुणी बोला म्हटलं नाही ते बरंच झालं. मला जे बोलायचं होतं ते तेवढ्या माणसांत बोलण्यासारखं नव्हतं, आणि ते तुलाच सांगायचं होतं. म्हणून लिहितो. ही मराठी अक्षरं तुझ्या अप्पांनीच मला ओट्यावर बसवून शिकवली. शाळेत मी पाचवीपर्यंत गेलो, तेही तमिळ. तेव्हा चुका असतील. तुझ्यासमोर माझी चूक दिसलेली मला कधी खपली नाही, हे तुला ठाऊक आहे. सगळं तिथंच बिघडलं.

आधी तेच सांगून टाकतो. तुझ्या कागदावरची ती वर्षाची पोर, मलर, तिरुप्पूरला गेली नव्हती. ती तिच्या गावातच होती, तिच्याच घरात, चुलीपासून चार हातांवर चटईवर निजलेली. मी तुला खोटं सांगितलं.

बसमधली माझी नोकरी संपली त्याच पावसाळ्यात तू कागदांची चळत घेऊन घरी आलीस.

"मामा, तुम्हांला किती गावं ठाऊक आहेत?"

"कुठल्या रस्त्यावरची?"

"सगळ्या."

"मग विचारतेस कशाला? सगळी."

तू हसलीस. लहानपणी पुढच्या सीटवर बसून तू माझ्याआधी गावांची नावं ओरडायचीस, आणि उतारू तुझ्या ओरडण्यावर उतरायचे. तीच तू आता केस पिकलेली डॉक्टरीण होऊन मला काम सांगायला आली होतीस. आपल्याकडं पोरगी बाळंतपणाला माहेरी येते. मूल वेळेआधी झालं की ते तुझ्या वॉर्डात काचेच्या पेटीत महिना-दोन महिने राहतं. कागदावर पत्ता माहेरचा लागतो, फोन भावाचा. मग पोरगी सासरी जाते, भाऊ सिंगापूरला जातो, आणि मूल तुझ्या कागदावरून नाहीसं होतं. तुला ती मुलं दोन वर्षांची होईतो बघायची होती. कधी बसतात, कधी चालतात, हाक मारली तर वळतात का, बोलतात का.

"ज्यांचा श्वास वॉर्डात पुन्हा पुन्हा चुकतो, त्यांच्या डोक्याचं पुढं काय होतं ते मला शोधायचंय," तू म्हणालीस. "आणि नेमकी तीच मला सापडत नाहीत."

मी म्हटलं, "पत्ता विचारत फिरू नये गे. सून माहेराहून कधी परतली ते विचारावं. ते अख्ख्या गावाला ठाऊक असतं."

तू ते वाक्य कागदाच्या कडेला लिहून घेतलंस. माझं बोललेलं कुणी लिहून घेतलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

एकदा मला वॉर्डात नेलंस. कोपरापर्यंत हात धुवायला लावलेस, दोनदा, कारण पहिल्यांदा मी वाद घातला. आत एक मूल होतं, माझ्या पंजापासून कोपरापर्यंत मावेल एवढं. पडद्यावर एक हिरवी रेघ वरखाली नाचत होती. बघता बघता ती आडवी झाली. यंत्र ओरडायला लागलं. मी तुझी बाही ओढली. नर्सबाईंनी मात्र शांतपणे पेटीच्या भोकातून हात घातला आणि बोटानं त्याचा तळवा चोळला. मूल दचकलं. रेघ परत नाचायला लागली.

"विसरलं," तू म्हणालीस. "श्वास घ्यायचं विसरलं. श्वासाचा हुकूम डोक्यातून सुटतो, आणि ते ठिकाण अजून कच्चं आहे. आईच्या पोटात आणखी दोन महिने पिकायचं होतं."

"मग विसरतं तेवढ्या वेळात डोक्याचं काय होतं?"

तू माझ्याकडं वळून पाहिलंस. "मामा, हाच प्रश्न विचारायला मला इतकी वर्षं शिकावं लागलं."

ते वाक्य मी आठवडाभर गल्लीत सांगत फिरलो. तुझं कौतुक म्हणून नव्हे, माझं म्हणून.

त्याच दिवशी मी विचारलं, औषध काय देता. तू म्हणालीस, काप्पी, सकाळी पितो ती कॉफी. मला वाटलं थट्टा करतेस. "काप्पीत झोप उडवणारं जे असतं ना, तेच. शुद्ध केलेलं, वजनावर हिशेब करून, थेंब मोजून. त्यानं डोकं जागं राहतं, श्वास चुकणं कमी होतं." मी इतका हसलो की नर्सबाईंनी मला बाहेर काढलं. तंजावूरचं पोर, काप्पीशिवाय उठणार कसं, म्हणत जिना उतरलो. तू सांगितलेल्यातलं निम्मंच मी घेऊन उतरलो, हे तेव्हा कळलं नाही.

मलरचं गाव तिरुवैयारुच्या पलीकडं. कालव्याच्या काठाकाठानं जावं लागतं, शेवटचा रस्ता मोपेडला सुद्धा अरुंद. थांब्यावरच्या फुलवालीनं अर्ध्या मिनिटात सांगितलं, आडी महिना, म्हणजे आषाढ, सरल्यावर सेल्वी माहेराहून परतली, मूल उंदराएवढं आहे. घरात मलरची आजी होती, सेल्वीची सासू, पाप्पम्मा. तिनं मला ओळखलं.

"अगं, हा तर कंडक्टर! हात केला तरी बस दोन शेतं पुढं नेऊन थांबवणारा."

"थांबा सोडून हात केला की तसंच होतं, अम्मा."

"आता काय, पोरं मोजतोस?"

"मोजतो. तुमचं एक लिहून घ्यायला आलोय."

मूल तीन-चार महिन्यांचं होतं, चांगलं मुठी चोखत होतं. पाप्पम्मानं मोर दिलं, म्हणजे ताक गे, तुला काय सांगायचं. हे दुसरं कुणी वाचलं तर म्हणून लिहिलं. मग ती कुरकुरायला लागली. त्या पेटीत ठेवून पोरीला इंग्लिश औषधं घातली, कसलं काय घातलं असेल, म्हणून पोर वाळकी राहिली.

मला राग आला. तुझ्या वॉर्डाला नाव ठेवत होती ती. मी म्हटलं, "इंग्लिश कसलं? काप्पी होती ती! खुद्द डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलंय."

"काप्पी? आपली काप्पी?"

"आपलीच."

तो 'आपलीच' माझा, अंबू. शुद्ध केलेलं, वजनावर, थेंब मोजून, हे तुझे शब्द मी तिच्या अंगणापर्यंत आणलेच नाहीत. तिचे डोळे मोठे झाले, आणि मला बरं वाटलं. सेल्वी मागच्या दारी कपडे धूत होती. तिनं यातलं काही ऐकलं नाही.

मूल वर्षाचं झालं तेव्हा तू बोलावणं देऊन मला परत पाठवलंस. वर्षाचं म्हणजे कुठल्या दिवसापासून, यावर आपण आधीच भांडलो होतो. मी म्हणायचो, जन्मला तो जन्मदिवस. तू म्हणायचीस, पोटात राहायला हवे होते ते दिवस वजा करायचे, नाहीतर आपण मुलावर अन्याय करतो. तुझ्याच हिशेबानं गेलो.

मलर चटईवर होती. मला पाहून हसली. डोळे चांगले फिरत होते. पण पाय ताठ, एकमेकांवर कात्रीसारखे चढलेले. बसवली की कलंडायची. मी काही विचारायच्या आत पाप्पम्मा सांगायला लागली. पोर जास्त वेळ निजली, श्वास हळू वाटला, की ती बोंडल्यानं डिकाशन, म्हणजे काप्पीचा घट्ट अर्क, पाजायची. दूध-साखर न घालता, पहिल्या उताराचं. "तूच सांगितलंस ना, कंडक्टर. काप्पीवरच जगली म्हणून." एक दिवस पोर थरथरायला लागली, ओकली, छाती चिमणीसारखी उडायला लागली. जवळच्या गावातल्या दवाखान्यात दोन दिवस ठेवावं लागलं. तेव्हापासून बंद केलं.

सेल्वी दाराला धरून उभी होती. ती मला तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणते. "तात्ता, त्यानंच हिचे पाय असे झाले का? आमच्या इथली नर्स म्हणते मोठ्या इस्पितळात दाखवा."

त्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं: ठाऊक नाही, चला, आजच चला. आणि मी म्हटलं, "छे छे. वेळेआधीची मुलं उशिरा बसतात. घाई करू नका. डॉक्टरीणबाई स्वतः बोलावतील तेव्हा या."

ती हो म्हणाली. मी तुझा माणूस होतो ना. नर्सपेक्षा तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

परतताना पुलावर मोपेड थांबवली. कावेरीत पाणी भरपूर होतं. सांगितलं तर तू विचारशील, काप्पीचं त्यांना कुणी सांगितलं. तू माझ्याकडं ज्या नजरेनं बघायचीस ती मग उरायची नाही. पलीकडं उतरलो तोवर ठरलं होतं. तिरुप्पूर. इथली कितीतरी घरं तिथं बनियनच्या कारखान्यांत कामाला जातात. कुणी शंका घेत नाही.

तूही घेतली नाहीस. पेन खाली ठेवलंस आणि मला धीर दिल्यासारखं म्हणालीस, "जाऊ द्या मामा. तुमच्या हातून गेलेलं हे पहिलंच."

मला झोंबलं. नवल बघ, न हरवलेलं मूल हरवलं म्हणून झोंबलं.

मला वाटलं, संपलं. पण तू विसरणारी नव्हतीस. दर महिन्याला त्या नावापाशी यायचीस. एकदा मी चिडलो. एवढी मुलं आणून दिली, एकीसाठी काय अडलंय? तू समजावलंस, "जी सहज सापडतात ती बहुतेक धडधाकट असतात, मामा. नुसती तीच मोजली तर मी जगाला सांगेन की श्वास चुकला तरी काही होत नाही. आणि उद्या कुणीतरी डॉक्टर ते खरं धरून एखाद्या मुलाला तसंच घरी पाठवील. जी सापडत नाहीत, त्यांत माझं उत्तर असतं."

"मग तूच जा शोधायला!" मी ओरडलो. तुझ्या खोलीत, तुझ्या हाताखालच्या पोरींसमोर. पंधरा दिवस तुझ्याशी बोललो नाही. शेवटी तूच उडदाच्या डांगराचा डबा घेऊन दारात उभी राहिलीस. "जास्त तिखट झालंय, भांडायला तरी उपयोगी पडेल," म्हणालीस. मी खाल्लं. सांगितलं नाही.

आणि मग तू खरंच गेलीस. एका रविवारी, एकुलत्या सुटीच्या दिवशी, पहाटेच्या बसनं तिरुप्पूरला. मी थांब्यावर तुला बसवून दिलं. खिडकीची जागा मीच धरून दिली. मध्यरात्री परतलीस तेव्हा पाय सुजून चपलेचे पट्टे रुतले होते. "कारखाने फार आहेत हो मामा," एवढंच म्हणालीस. सेल्वी नावाच्या चार बायका भेटल्या म्हणालीस, एकीचंही मूल मलर नव्हतं. मी तुझी पिशवी उचलली आणि पुढं चालायला लागलो, म्हणजे तुला माझं तोंड दिसू नये.

तुझं हृदय आधीपासून दुबळं होतं हे मला नंतर कळलं. त्या रविवारचा त्याच्याशी संबंध नाही, असं तुझा भाऊ सांगतो. त्याला मी विचारलं नव्हतं, तोच आपणहून म्हणाला. माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असेल.

शेवटचा भेटलो तेव्हा मी सांगायचंच ठरवून आलो होतो. देवाशपथ. तू उशांना टेकून तांदळाची कंजी पीत होतीस. मी घसा साफ केला. तू आधी बोललीस. "मामा, दोन वर्षांच्या तपासण्या आता सुरू होतील. मी नसले तरी तुम्ही जायचं."

"नसले म्हणजे काय? काय बोलतेस?" मी तापलो. तुझी वहिनी आतून धावत आली. त्या तापण्यात माझी गोष्ट राहून गेली, आणि खरं सांगतो, चिडायला निमित्त मिळालं म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. चार दिवसांनी तू गेलीस.

एकदा बाहेरगावचे डॉक्टर आले होते तेव्हा तू माझ्याकडं बोट दाखवून इंग्लिशमध्ये काहीतरी म्हणाली होतीस. नंतर मी विचारलं तर म्हणालीस, "सांगितलं की हे नसते तर माझ्याकडं मुलं नसती, नुसते पत्ते असते." एवढ्या वर्षांत मला कुणी एवढं मोठं केलं नाही. आणि तुला नेमकं एका मुलाच्या जागी मी गाव दिलं, तेही खोटं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मलरच्या घरी गेलो. तुझ्या हिशेबानं तिची दोन वर्षं पुरी व्हायला आठवडा उरला होता. तो गेला असता तर तिचा रकाना कायमचा रिकामा राहिला असता. बसलो नाही, ताक घेतलं नाही. उभ्यानंच सांगितलं, "डॉक्टरीणबाईंनी वर्षापूर्वीच बोलावलं होतं, पण तुम्ही तिरुप्पूरला गेलात असं मी त्यांना सांगितलं. मी लपवलं. आता त्या नाहीत."

सेल्वीला आधी कळलं नाही. मग कळलं. ती आत गेली आणि पोरीला झबलं घालायला लागली. पाप्पम्मा रडायला लागली, "माझ्याच हातांनी पाजली." मी म्हटलं, "हात तुमचे, जीभ माझी. कागदावर जीभच लिहिली जाईल."

तुझी फातिमा डॉक्टर, तुझ्या हाताखालची, ती आता तुझ्या खुर्चीवर बसते. म्हणजे बसत नाही, शेजारी स्टूल ओढून घेते. तिनं मलरला तासभर तपासलं. ठोकळे दिले, घंटी वाजवली, पाय हळूच वाकवून बघितले. मलरनं घंटीकडं मान वळवली, ठोकळा फेकला, "दे" म्हणाली. सगळं विचारून झाल्यावर मी विचारलं, "डॉक्टरम्मा, काप्पीनं झालं का हे?"

तिनं वॉर्डातले जुने कागद समोर ठेवले. "तेव्हाच हिचा श्वास फार वेळा चुकलेला आहे. पायांचं कदाचित तेव्हाच झालं असेल. डिकाशननं भर पडली का, ते मला सांगता येणार नाही. पडली असं म्हणणार नाही, नाही पडली असंही म्हणणार नाही."

मला दोन्हींपैकी काहीतरी एक हवं होतं, अंबू. तुझ्याकडूनही हेच मिळालं असतं, ते कळतं मला. पण तुझ्याकडून मिळालं असतं तर मागोमाग तू रागावलीही असतीस. त्या रागावण्यासाठी मी आज काय वाटेल ते देईन.

"मात्र वर्षापूर्वी आली असती तर..." असं म्हणून फातिमा थांबली.

"तर?" सेल्वीनं विचारलं.

"पायांचे व्यायाम तेव्हाच सुरू झाले असते. आताही करू. तेव्हा जास्त सोपं गेलं असतं."

मग ती लिहायला लागली. वर्षाच्या तपासणीला मूल का आलं नाही, त्याचं कारण. मी म्हटलं, वाचून दाखव. तिनं तमिळमध्ये सांगितलं: कुटुंबाचा पत्ता लागला नाही.

"लागला होता. खोड ते."

"तात्ता, असू दे. मॅडम गेल्या, आता कशाला..."

"त्या गेल्या म्हणूनच खोड. लिही, पत्ता ठाऊक होता, शोधणाऱ्या माणसानं लपवला. औषध म्हणजे घरची काप्पी, असंही त्यानंच सांगितलं. खाली माझं नाव घाल."

तिनं पेन परत उचललं. मग खोडलं आणि लिहिलं. मी परत वाचून घेतलं, शब्द शब्द. आता वॉर्डातून घरी जाणाऱ्या प्रत्येक आईला ती स्वतः सांगणार आहे, ते औषध काप्पीचं असलं तरी घरची काप्पी बाळाच्या ओठाला लावायची नाही, आणि का नाही तेही. आजीला शेजारी बसवूनच सांग, हे मी सांगितलं. तिनं ते कडेला लिहून घेतलं.

दुपारी आम्ही गावच्या बसला उभे होतो. ऊन मी म्हणत होतं.  थांब्यावर, लोकांत, सेल्वीनं तोंड उघडलं. वर्षभर रोज वाट बघितली म्हणाली. फोन वाजला की धावायची, डॉक्टरीणबाईंचा असेल म्हणून. नर्स दोनदा येऊन गेली, तिला हिनं परत पाठवलं. नवरा म्हणाला जाऊ, त्याला हीच म्हणाली, थांबा, त्या बोलावणार आहेत. "तुमच्या एका शब्दावर मी बसून राहिले, तात्ता. माझं एक वर्ष गेलं ते जाऊ दे. हिचं एक वर्ष तुम्ही कुठून आणून देणार?"

तू असतीस तर खोटं मानलं असतंस, पण मी वाद घातला नाही, मलरवर सावली पडेल असा सरकून उभा राहिलो.

बस आली. गर्दी होती, पायऱ्या उंच. सेल्वीनं मलर माझ्या हातांत दिली, दांडी धरून वर चढली, आणि वळून दोन्ही हात पुढं केले. चढायला हात मोकळे लागतात म्हणून दिली तिनं. मी त्यातून दुसरा अर्थ काढत नाही. पोरगी जड झाली आहे गे अंबू, चांगली जड. मी तिला वर दिली आणि मागच्या दारानं चढलो. गुरुवारी पहिला व्यायाम आहे.

तुझा,
रामोजी मामा